बेटावरच्या मोठ्या लिथियम बॅटऱ्या : फोडू नका, पुरू नका, परत पाठवा

प्रश्न थोडक्यात असा : लक्षद्वीपसारख्या बेटांवर सौर प्रकल्प, शाळा, हॉटेलं आणि घरं यांच्यासाठी मोठ्या लिथियम बॅटऱ्या बसू लागल्या आहेत. काही वर्षांत त्या एकेक करून निकामी होतील. त्यांच्यासाठी बेटावरच रीसायकलिंगचं छोटं युनिट टाकता येईल का? नाहीतर समुद्राच्या पाण्यात बुडवून त्यांची वीज काढून टाकायची आणि मग पुरायच्या, असं चालेल का?

दोन्ही नाही. बेटावर लिथियम बॅटरीचं रीसायकलिंग होत नाही, आणि व्हायलाही नको. बॅटरी तपासणं, रिकामी करणं, सुरक्षित ठेवणं आणि नीट बांधून मुख्य भूमीला पाठवणं, ही चार कामं बेटावर व्हायला हवीत. ऐकायला हे हमालीचं काम वाटतं, पण आगी लागतात त्या या चार टप्प्यांतच.

युनिट का नको, ते आकड्यांत पाहू. कवरत्तीच्या सौर प्रकल्पाचं जानेवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालं, तो लक्षद्वीपमधला बॅटरी जोडलेला पहिला प्रकल्प. त्याची बॅटरी १.४ मेगावॅट-तासांची, म्हणजे १,४०० युनिटांची. रॅक आणि खोक्यांसकट लिथियम बॅटरीला किलोमागे १०० ते १२५ वॅट-तास धरले, तर एवढ्या क्षमतेचं वजन ११ ते १४ टन भरतं. रीसायकलिंगची सुरुवात श्रेडरने होते. ताशी ५०० किलो दळणारा श्रेडर लहानातलाच म्हणायचा. त्याला हा सगळा माल आठ-आठ तासांच्या तीन-चार पाळ्यांपुरताच. पुढची दहा वर्षं ते यंत्र खाऱ्या हवेत गंजत बसणार. शिवाय दळण साध्या हवेत करता येत नाही. नायट्रोजन किंवा पाण्याचा फवारा लागतो, वाफेतलं द्रावक आणि हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू पकडायला स्क्रबर, म्हणजे धूर धुणारं यंत्र लागतं. हाती येते ती ‘ब्लॅक मास’, म्हणजे धन आणि ऋण विद्युतध्रुवांची काळी भुकटी. त्यातून धातू काढायला गंधकाम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सांडपाण्याचा पूर्ण प्रकल्प हवा. थोडक्यात, दळूनसुद्धा माल जहाजानेच पाठवायचा, फक्त आता तो जास्त विषारी झालेला.

पुरण्याचा विचार तर डोक्यातूनच काढा. प्रवाळाच्या बेटावर गोडं पाणी म्हणजे सच्छिद्र जमिनीत, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ भिंगासारखा थर. विहिरीला पाणी दोन-तीन मीटरवर लागतं, त्यामुळे खड्डा आणि विहीर यांच्यात फरक असा उरतच नाही. बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटमधलं, म्हणजे आतल्या द्रवातलं मीठ, लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट, ओलाव्याशी संयोग पावून हायड्रोजन फ्लोराइड तयार करतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांतही जमिनीत पुरणं आणि जाळणं या दोन्हींना मनाई आहे.

आधी बघा, ती खरंच गेली आहे का

बेटावरून ‘गेली’ म्हणून येणाऱ्या बॅटऱ्यांपैकी बऱ्याच गेलेल्या नसतात. खारी हवा आधी खाते ती कनेक्टर, बसबार (पेशी जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि बीएमएसचं, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचं सर्किट, पेशींवर (आतल्या सेलवर) तिची पाळी फार उशिरा येते. म्हणून जहाजभाडं वाचवायचा पहिला मार्ग म्हणजे मल्टिमीटर.

घरगुती आणि शाळांच्या वापरात सगळ्यांत जास्त दिसते ती ५१.२ व्होल्टची एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. आत ३.२ व्होल्टच्या १६ पेशी ओळीने जोडलेल्या असतात. १०० अँपियर-तासांची असेल तर ५.१२ युनिटांची, वजन ४५ ते ५० किलो. बाहेरच्या टर्मिनलवर शून्य व्होल्ट दिसले म्हणून ती रिकामी समजू नका. बीएमएसने आतला स्विच उघडला की बाहेर शून्य दिसतं आणि आत पेशी भरलेल्या असू शकतात. सगळ्या प्रकरणातली सर्वांत महाग चूक हीच. ‘मेलेली’ म्हणून कोपऱ्यात टाकलेली बॅटरी पाच युनिट ऊर्जा पोटात घेऊन पडलेली असते.

झाकण काढा. त्याआधी हातातलं घड्याळ, अंगठी, कडं उतरवा. पान्याचं फक्त तोंड उघडं ठेवून बाकी सगळा दांडा इन्सुलेशन टेपने गुंडाळा. मोठ्या प्रिझमॅटिक (चौकोनी डब्यासारख्या) पेशीचा अंतर्गत रोध एका मिलिओहमपेक्षाही कमी असतो. टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर हजारो अँपियर वाहतात, पाना वितळतो आणि तोंडावर उडतो. मग सोळाही पेशींचे व्होल्ट एकेक करून मोजा आणि खोक्यावरच मार्करने लिहा.

सगळ्या ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास असतील, तर पेशी ठीक आहेत, दोष बीएमएसमध्ये किंवा जोडणीत. बीएमएस बदलून बॅटरी परत कामाला लागते. एखादीच २.५ ते ३.० व्होल्टवर असेल, तर तेवढीच पेशी वेगळी करून ३.६५ व्होल्टची मर्यादा घातलेल्या पॉवर सप्लायवर ५ अँपियरने भरा, ४८ तास तशीच ठेवा आणि पुन्हा मोजा. व्होल्टेज टिकलं तर ती फक्त मागे पडली होती. घसरलं तर आतून गळती आहे, पेशी बाद. दोन व्होल्टच्या खाली गेलेली पेशी मात्र भरायच्या भानगडीत पडू नका. इतकी खोल उतरली की ऋण ध्रुवाचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुन्हा भरताना तेच तांबं नको तिथे जमा होऊन आत शॉर्ट करतं. भरताना काही होत नाही, आठवड्याने होतं. अडीच आणि दोनच्या मधल्या पेशीवर वाद घालण्यात वेळ घालवू नका, बाद धरा.

उरलेल्यांची क्षमता तपासायची ती पूर्ण भरून, २० अँपियरने उतरवून. १०० अँपियर-तासांच्या बॅटरीला पाच तास लागायला हवेत. साडेतीन-चार तास टिकली तर वाचनालयाचे दिवे, रस्त्यावरचे दिवे, पंखे यांना ती अजून काही वर्षं पुरते. मासेमारीच्या होडीवर मात्र जुनी बॅटरी चढवू नका. तिथे खारं पाणी आहे, हादरे आहेत आणि पळायला जागा नाही. दुरुस्त केलेल्या बॅटऱ्या विकायच्या असतील तर नियमांप्रमाणे ‘रीफर्बिशर’ म्हणून नोंदणी लागते, राज्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि केंद्रशासित प्रदेशात प्रदूषण नियंत्रण समितीकडे.

रिकामी करणं

बाद ठरलेली, पण फुगलेली किंवा फुटलेली नसलेली बॅटरी लगेच रिकामी करायची. प्रवासात अपघात झाला तर किती आग लागेल, हे तिच्यातल्या ऊर्जेवर ठरतं.

मोठा प्रकल्प असेल तर हे काम सोपं आहे आणि फायद्याचंही : जोडणी तोडायच्या आधी त्याच इन्व्हर्टरमधून वीज बेटाच्या ग्रिडला द्या. तेवढं डिझेल वाचतं. इथे रॅकचं व्होल्टेज ७०० ते १,५०० व्होल्ट डीसी असतं, त्यामुळे ते उघडणं बसवणाऱ्या कंपनीच्या माणसांचंच काम. गावच्या वायरमनला त्यात उतरवू नका, तो कितीही तयार असला तरी.

५१.२ व्होल्टच्या बॅटरीला पाणी तापवायचे इमर्शन रॉड चालतात. २३० व्होल्टला १,५०० वॉटचा रॉड म्हणजे सुमारे ३५ ओहमचा रोध. तो ५१ व्होल्टला जोडला तर दीड अँपियरच घेतो, ७५ वॉट. एका रॉडने १०० अँपियर-तासांची बॅटरी उतरवायला जवळजवळ तीन दिवस जातात. सात रॉड समांतर जोडले की रोध ५ ओहमवर येतो, प्रवाह १० अँपियर होतो आणि काम दहा तासांत. प्रत्येक रॉड गोड्या पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बादलीत पूर्ण बुडलेला हवा. पाणी चांगलं गरम होतं, उकळत नाही. बादलीत हात घालून बघायचं नाही. मध्ये घरातला एसी स्विच किंवा एसी एमसीबी लावू नका. एसीमध्ये ठिणगी सेकंदाला शंभर वेळा आपोआप विझते, डीसीमध्ये विझत नाही, आणि स्विच आतून जळतो. डीसीसाठी बनवलेला ब्रेकर आणि फ्यूजच हवा.

बीएमएस आपणहून बंद पडेपर्यंत उतरवा, मग एक दिवस थांबा आणि पेशी पुन्हा मोजा. विश्रांतीनंतर व्होल्टेज थोडं वर येतं. एलएफपीमध्ये मधला सगळा पट्टा ३.२ ते ३.३ व्होल्टमध्येच कोंबलेला असतो, म्हणून ३.२५ व्होल्ट पाहून ‘अर्धी असेल’ असा अंदाज बांधता येत नाही. विश्रांतीनंतर पेशी ३.० व्होल्टच्या आसपास किंवा खाली असेल तरच ती जवळपास रिकामी समजा. बीएमएसच मेला असेल तर चार-चार पेशींचा गट करून उतरवा आणि प्रत्येक पेशीवर लक्ष ठेवा. सोळा एकदम उतरवल्या तर सर्वांत दुबळी पेशी उलट्या दिशेने भरली जाते, तापते, फुगते.

समुद्राचं पाणी

आता त्या खाऱ्या पाण्याकडे. ही कल्पना वेडगळ नाही, म्हणूनच ती धोकादायक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईच्या माउई बेटावर लहायना गाव जळालं. जळलेल्या घरांतून आणि गाड्यांतून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सुमारे ३० टन लिथियम बॅटऱ्या गोळा केल्या. त्या बेटावरच मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ठेवून निर्जीव केल्या, मग रोलरखाली चेपल्या आणि बेटाबाहेर पाठवल्या. बातमीतून लोकांच्या ध्यानात राहतं ते मिठाचं पाणी. सोडा, रोलर आणि जहाज विसरलं जातं.

तिथे तो मार्ग का घेतला? कारण त्या बॅटऱ्या आधीच जळून विद्रूप झाल्या होत्या. त्यांना वायर जोडायला टर्मिनलच उरलं नव्हतं, आणि किती पेशींत ऊर्जा शिल्लक आहे हे कळायला मार्ग नव्हता. तुमच्या बॅटरीला धड टर्मिनल आहे, तर रॉड जोडा. साध्या समुद्राच्या पाण्यात पेशी टाकली की पाण्याचं विघटन सुरू होतं. एका टोकाला हायड्रोजन, दुसऱ्याला क्लोरीन. त्याच वेळी धन टर्मिनलचं ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. ते गळून पडलं की परिपथ तुटतो, बुडबुडे थांबतात, आणि बघणाऱ्याला वाटतं बॅटरी संपली. ऊर्जा आतच असते, आणि आता ती काढायला टर्मिनल राहिलेलं नसतं. बुडबुडे थांबल्यावर पेशी चेपणं का गरजेचं, ते यावरून कळेल. जास्त व्होल्टच्या पॅकमध्ये तर पाण्याखालीच ठिणग्या उडतात.

उरलेलं पाणीही कचराच. त्यात फ्लोराइड, तांबं, ॲल्युमिनियम आणि कधी निकेल-कोबाल्ट असतं. चुन्याने फ्लोराइडचा साका बसवता येतो, पण साक्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. लगूनमध्ये, बेटाला लागून असलेल्या उथळ पाण्यात, ते ओतणं म्हणजे ज्या प्रवाळाने बेट तरलं आहे त्यालाच विष घालणं. वादळानंतर समुद्राचं पाणी शिरलेली बॅटरी ‘आता रिकामी झाली असेल’ असं समजून वाळत टाकू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन चक्रीवादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विजेच्या गाड्यांनी पाणी ओसरल्यावर, काहींनी कित्येक दिवसांनी, पेट घेतला. पाणी वाळतं, मीठ आत राहतं, आणि मिठाच्या थरातून हळूहळू वीज वाहत राहते. ताउक्तेसारखं वादळ येऊन गेलं की भिजलेली प्रत्येक बॅटरी सदोष धरायची, दिसायला कितीही चांगली असली तरी.

फुगलेली, फुटलेली, तापलेली

नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास, फुसफुस, फुगलेलं खोकं किंवा आजूबाजूपेक्षा जास्त तापमान : यातलं एकही दिसलं तर उघडायचं, मोजायचं, रिकामं करायचं नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरने दुरून तापमान घ्या, दर अर्ध्या तासाने लिहा. स्थिर असेल तर बॅटरी बाहेर मोकळ्यावर, इमारती, झावळ्या आणि डिझेलच्या पिंपांपासून १५ मीटर दूर न्या. चढत असेल तर बॅटरीला हात लावू नका, माणसं हलवा.

‘एलएफपी जळत नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य अर्धंच खरं आहे. ती निकेल-कोबाल्टच्या बॅटरीपेक्षा उशिरा आणि कमी तापते. पण बिघडली की जो वायू सोडते त्यात हायड्रोजन भरपूर असतो. ज्वाळा न दिसता बंद खोलीत हा वायू साठला तर स्फोट होतो. एप्रिल २०१९ मध्ये ॲरिझोनातल्या सरप्राइज गावात एका बॅटरी केंद्रात नेमकं हेच घडलं. तिथल्या बॅटऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या होत्या, पण धडा दोन्हींना लागू पडतो : आग नाही असं वाटून अग्निशमन दलाने दार उघडलं, स्फोट झाला, जवान गंभीर जखमी झाले. धुराचा वास येणाऱ्या कंटेनरचं दार बेटावरच्या कुणीही उघडायचं नाही.

पेटलीच तर पाणी मारा, भरपूर आणि दुरून. इथे समुद्राचं पाणी चालतं, कारण आता वाचवायचं आहे ते शेजारचं घर. विझल्यावरही ती काही तासांनी, काही वेळा काही दिवसांनी, पुन्हा पेटू शकते, म्हणून पहारा ठेवा. कापडी मास्क हायड्रोजन फ्लोराइडपुढे निरुपयोगी आहे, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहणं त्याहून कामाचं. प्रथमोपचाराच्या पेटीत २.५ टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल ठेवा. त्वचेवर फ्लोराइडचा अंश लागला तर भरपूर पाण्याने धुऊन जेल चोळायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणसं टाळतात.

थंड आणि स्थिर झालेली सदोष बॅटरी एका स्टीलच्या ड्रममध्ये एकच ठेवायची. खाली, वर आणि चारी बाजूंनी कोरडं व्हर्मिक्युलाइट, म्हणजे न जळणारं हलकं खनिज. वायू निघायला वाट हवी, म्हणजे झाकण हवाबंद आवळायचं नाही. इथे बेटावर हमखास होणारी चूक : किनाऱ्यावरची वाळू भरणं. ती ओलसर आणि खारट असते, म्हणजे वीज वाहून नेते, आणि तुम्ही बॅटरीला स्वतःच्या हाताने हळू शॉर्टमध्ये झोपवता. वाळूच वापरायची वेळ आली तर ती गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, भट्टीवर वाळवून.

शेड

जहाज येईपर्यंत बॅटऱ्या ठेवायची जागा बेटावरच्या त्यातल्या त्यात उंच भागात, सावलीत आणि वारा खेळणारी हवी. पत्र्याची बंद खोली नको. जमिनीपासून अर्धा मीटर उंच ओटा करा. बसवलेल्या बॅटऱ्यांसाठी अमेरिकेच्या एनएफपीए ८५५ या अग्निसुरक्षा मानकात ५० युनिटांचा एक गट आणि गटांत किमान ९० सेंटिमीटर अंतर असा आधार आहे. जुन्या, अनोळखी इतिहासाच्या बॅटऱ्यांना मी गट निम्मा आणि अंतर तिप्पट ठेवायला सांगेन. बसबार काढून टाकलेले हवेत आणि प्रत्येक टर्मिनलवर रबरी किंवा प्लॅस्टिकची टोपी हवी. नुसत्या पीव्हीसी टेपचा गोंद दमट उकाड्यात दोन महिन्यांत सुटतो. टोपी नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवून वर टेप लावा.

शिशाच्या बॅटऱ्या याच शेडमध्ये आल्या तरी ढीग वेगळा ठेवा. १२ व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्या दिसायला हुबेहूब शिशाच्या बॅटरीसारख्या बनवतात. उचलून बघणं ही सोपी परीक्षा : १०० अँपियर-तासांची शिशाची २५ ते ३० किलो, लिथियमची ११ ते १३. शिशाच्या ढिगातून लिथियम बॅटरी भट्टीपर्यंत गेली तर तिकडे स्फोट होतो.

जहाज

विमानाचा विचार सोडा. सदोष लिथियम बॅटरी विमानातून नेण्याला पूर्ण बंदी आहे, आणि कचरा म्हणून जाणारी धड बॅटरीही सरकारांच्या खास परवानगीशिवाय चढत नाही. प्रवासी जहाजातही नको, मालवाहू जहाज किंवा बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालाची नाव हवी.

कागदावर माल तीन नावांनी जातो. धड, पण रीसायकलिंगला निघालेल्या बॅटऱ्या : यूएन ३४८० (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), वर्ग ९, वेष्टनाची सूचना पी ९०९, आणि खोक्यावर ‘लिथियम बॅटरीज फॉर रीसायकलिंग’ अशी इंग्रजी खूण. सदोष : तोच क्रमांक, पण सूचना पी ९०८ आणि सदोष असल्याची वेगळी खूण. उपकरणातच बसलेल्या : यूएन ३४८१. धड आणि सदोष एकाच पॅलेटवर घातले तर सगळा पॅलेट सदोष ठरतो, आणि बंदरावर अडतो. जहाज कंपन्या आता याबाबत कडक झाल्या आहेत, आणि त्यांची भीती निराधार नाही. हवाई, ग्वाम आणि अलास्काला माल नेणाऱ्या मॅटसन कंपनीने जुलै २०२५ मध्ये विजेच्या गाड्या, नव्या असोत की जुन्या, चढवणंच थांबवलं. बेटावर वस्तू येऊ देणारा दरवाजा ती परत जाताना बंद झालेला असू शकतो. जहाजाच्या एजंटला माल बांधायच्या आधी विचारा, नंतर नाही.

लक्षद्वीपमध्ये मोठी अडचण लगूनची. बऱ्याच ठिकाणी मोठं जहाज बाहेर उभं राहतं आणि माल होडी-बार्जमधून हलवावा लागतो. शिंतोडे उडणारच. पॅलेटवर वरून आणि चारी बाजूंनी ताडपत्री बांधा, पण खालून मोकळी ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं तर आत घाम धरतो. पॅलेट पाण्यात पडलाच, तर वर काढून तसाच जहाजावर चढवू नका. तो आता सदोष मालात जमा झाला, किनाऱ्यावर परत. हे सगळं मार्च-एप्रिलच्या शांत समुद्रात उरकायचं. मे संपता संपता ढीग अजून शेडमध्येच असेल, तर तो थेट ऑक्टोबरपर्यंत तिथेच राहणार असं धरून चाला.

पैसे कोण देणार

शिशाची जुनी बॅटरी भंगारवाला घरी येऊन पैसे देऊन नेतो, म्हणून तिच्या परतीची काळजी कुणाला करावी लागली नाही. एलएफपीमध्ये निकेल नाही, कोबाल्ट नाही. एक टन पेशींत लिथियम धातू म्हणून मोजलं तर साधारण १५ किलो, बाकी तांब्या-ॲल्युमिनियमचा पत्रा, ग्रॅफाइट, लोखंड आणि फॉस्फेट. जहाजभाडं भरून ती कुणी विकत घेईल ही आशा धरू नका. रीसायकलरच उलट पैसे मागू शकतो. विजेच्या जुन्या गाड्यांतल्या निकेल-कोबाल्टच्या बॅटऱ्यांना मात्र किंमत असते. दोन्ही रसायनांचे ढीग वेगळे ठेवले तर एकाच्या पैशातून दुसऱ्याचं भाडं थोडं तरी सुटतं.

२०२२ च्या नियमांनी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि बाहेरून बॅटरी आणून विकणारा आयातदारही उत्पादकच धरला जातो. पण कोची बंदरापर्यंतचा प्रवास कुणाच्या खिशातून, हे करारात लिहिलं नसेल तर तो वाद दहा वर्षांनी बेटालाच घालावा लागतो, बहुधा तोवर नाव बदललेल्या कंपनीशी. म्हणून निविदेत लिहून घ्या : बेटाच्या धक्क्यावरून परत नेण्याचा खर्च पुरवठादाराचा, त्यासाठी ठरावीक रक्कम अनामत. एका मॉड्यूलचं वजन ५० किलोच्या आत, म्हणजे होडीतून दोन माणसांना उचलता येईल. पेशी गोंदाने नव्हे, स्क्रूने बसवलेल्या. बीएमएसची नोंद वाचायचा पासवर्ड बेटाकडे. यूएन ३८.३ या वाहतूक-सुरक्षा चाचणीचा सारांश आणि सुरक्षा पत्रक यांची छापील प्रत वीज खात्याच्या कपाटात, कारण जहाजाचा एजंट तीच आधी मागतो. मूळ खोकी सपाट करून कोरड्या खोलीत जपा, व्हरांड्यात ठेवलेला पुठ्ठा दोन पावसाळ्यांत पापडासारखा होतो.

आणि चार रिकामे स्टीलचे ड्रम, व्हर्मिक्युलाइटची दहा पोती, टर्मिनलच्या टोप्या आणि डीसी ब्रेकर हे सामान बॅटऱ्या आणणाऱ्या पहिल्या जहाजातूनच उतरवून घ्या. बॅटरी भर जुलैत फुगली, तर त्या वेळी कोचीहून एखादं पोतं मागवणंही जमत नाही.